कारैकालचा जर-तर

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, अशी आपल्याकडे जर-तरची थट्टा होते. तंजावरात राहून मराठी बोलणाऱ्याला मात्र हा छंद सुटत नाही. १८५५ साली शिवाजीराजांना मुलगा असता तर गादी खालसा झाली नसती, हा आमचा आवडता जर-तर. खरे तर १७९९ पासूनच राजांची सत्ता किल्ल्यापुरती उरली होती.

मला दुसराच जर-तर छळतो, तो शेजारच्या कारैकालचा. गादीच्या भांडणात मदत हवी म्हणून १७३८ साली तंजावरच्या भोसले राजाने कारैकाल फ्रेंचांना देऊ केले. पुढच्याच वर्षी त्यांनी ते ताब्यात घेतले. तिथल्या कोळ्यांना, कुळांना कोणी विचारले नाही.

दोन शतकांनी, महायुद्ध संपल्यावर, फ्रान्सने चौथे प्रजासत्ताक उभारले. फ्रेंच भारताचा एक खासदार पॅरिसच्या संसदेत बसे. कौल लोकांनीच द्यावा असे १९४८ मध्ये भारत आणि फ्रान्स यांच्यात ठरलेही; पण तसे लोकमत झाले ते फक्त चंद्रनगरात. कारैकालच्या वतीने १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूरला लोकप्रतिनिधींनी मत दिले. फ्रेंच भारताच्या १७८ प्रतिनिधींपैकी १७० विलीनीकरणाच्या बाजूने, ८ विरुद्ध.

१ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. त्याच दिवशी अल्जीरियात युद्ध पेटले. विलीनीकरणाचा करार १९५६ मध्ये झाला, पण फ्रेंच संसदेची मंजुरी अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावरच, १९६२ साली मिळाली. मधे १९५८ मध्ये द गॉल यांनी पाचव्या प्रजासत्ताकाची घटना आफ्रिकेतल्या वसाहतींपुढे मताला ठेवली. गिनीने ‘नाही’ म्हटले आणि तो देश स्वतंत्र झाला. कायद्याच्या कागदावर कारैकाल तेव्हाही फ्रेंचच होते.

कारभाराची अदलाबदल चार वर्षे लांबली असती, तर ती मतपेटी कारैकालला आली असती का? आली असती तरी कौल बहुधा भारताचाच लागला असता. पण तो प्रत्येकाने आपल्या हाताने दिला असता. प्रत्यक्षात १९६२ नंतर सहा महिने फ्रेंच नागरिकत्व निवडायची मुभा मिळाली. गाव कोणत्या देशात जावे हे माणसांना थेट विचारले नव्हते. तुम्ही कोणत्या देशाचे, एवढे मात्र विचारले.

म्हणून राजाला मुलगा असता तर, हा आमचा जर-तर मला अपुरा वाटतो. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. त्यात वारसांची नावे आहेत. आणखी एक वारस झाला असता, तर त्या मालिकेत आणखी एक नाव आले असते. रयतेला विचारण्याची रीत त्यामुळे आली नसती.