आईचं चैत्रांगण आणि माझा मोबाइल



मी बडोद्याची. आमची इथली पाचवी पिढी. दांडिया बाजाराजवळच्या जुन्या घरात वाढले, बँकेत ३४ वर्षं नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. फोटोग्राफीतलं शास्त्र मला फारसं कळत नाही, पण या उशिरा लागलेल्या नादानं मला काय दिलं ते सांगावंसं वाटतंय.

आमच्या लहानपणी बाबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो. त्यामुळे कॅमेरा बाहेर निघायचा तो मुंजीला, लग्नाला, गणपतीला. कुणी मध्येच हललं की बाबा म्हणायचे, "गेला, बारातला एक गेला!" आमच्या अल्बममध्ये सगळे नवे कपडे घालून ताठ उभे आहेत. आई मात्र दरवर्षी चैत्रात ओटल्यावर चैत्रांगण काढायची, त्याचा एकही फोटो नाही. रोज काढायचं आणि रोज पुसायचं, त्यावर रोल कोण घालवणार?

निवृत्तीनंतर एका प्रदर्शनात ज्योती भट्ट यांचे फोटो पाहिले. ज्योतीभाई मूळचे चित्रकार, आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्समधले. त्यांचे गुरू ना. श्री. बेंद्रे, म्हणजे इंदूरचे मराठी माणूस. ज्योतीभाईंनी १९६७ पासून गुजरात-राजस्थानातली खेडी पालथी घातली. मातीच्या भिंतींवरची चित्रं, दारातल्या रांगोळ्या, आणि त्या काढणारी माणसं. नवा लेप चढला की जुनं चित्र जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंसमोर उभी असताना मला एकच वाटत होतं, हा माणूस कुठकुठच्या खेड्यांत गेला, आणि मी स्वतःच्या ओटल्याकडे धड पाहिलं नाही.

घरी येऊन आईला म्हटलं, "यंदा चैत्रांगण काढ, मी फोटो काढते." आई तेव्हा ८६ वर्षांची. हात कापतो म्हणून दोन वर्षांपासून तिनं रांगोळी बंद केली होती. म्हणाली, "रेघ सरळ येत नाही गं आता. वाकड्या रेघांचे फोटो काढून काय करणार?" मला बोलता येईना.

चैत्र शुद्ध तृतीयेला मीच ओटला सारवला, गेरू लावला आणि काढायला बसले. आई खुर्चीतून बघत होती. "अगं, आधी गौरीचा पाळणा! सूर्य-चंद्र वर. कासव एवढं मोठं असतं का?" पाच मिनिटांत ती भिंतीला धरून खाली आली, पाट ओढला आणि रांगोळीचा डबा माझ्या हातातून घेतला.

पहिल्या दिवशी मी दुपारी उभ्यानं, वरून फोटो काढले. सगळं पांढरं आणि सपाट. दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर बसले. कोवळं ऊन तिरपं येत होतं, त्यात रेघांच्या बारीक सावल्या पडलेल्या. आणि आईच्या हाताचा कंपही त्या रेघांत स्पष्ट दिसत होता. क्षणभर वाटलं, तेवढा भाग सोडून फोटो घ्यावा. पण सोडला नाही. हजार चैत्रांगणांत ही रेघ आईची म्हणून मला ओळखू येईल, ती त्या कंपामुळेच.

आमच्या चैत्रांगणात एक वडाचं झाड असतं. आजीनं घातलेलं. "वडोदऱ्याच्या सुना आपण, वड हवाच," म्हणायची. आई तो काढताना आधी पारंब्या काढते, मग खोड, शेवटी पानं. पन्नास वर्षं मी तो वड पाहत आले, पण त्याची सुरुवात पारंब्यांपासून होते हे मोबाइल धरून बसले तेव्हा कळलं. फोटो काढायचा म्हणजे आधी गप्प बसून बघायचं, एवढं शास्त्र मला पुरलं.

संध्याकाळी तिला फोटो मोठे करून दाखवले. रांगोळीकडे तिचं लक्षच नव्हतं. बराच वेळ हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सासूबाईंचाच हात दिसतोय गं." मग चष्मा काढत म्हणाली, "उद्या साडेसहाला उठ. उजेड थांबत नाही."

अक्षय्य तृतीयेपर्यंत आम्ही दोघी रोज बसलो. बँकेत असताना एवढा वेळ तिच्याशेजारी मी कधी बसले नव्हते.

यंदा आईला खाली बसवत नाही. मी काढते, ती खुर्चीतून सांगते आणि माझी भाची फोटो काढते. पारंब्या अजून जमत नाहीत. आई म्हणते, "हात थोडा कापू दे, मग जमतील!"

ग्वाल्हेर, इंदूर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनो, तुमच्या घरच्या चैत्रांगणात असं काही जास्तीचं असतं का? असेल तर फोटो काढून ठेवा. आणि फोटोत काढणारीचा हात येऊ द्या.