पात्याभोवतीची जागा

सांध्यांच्या दुखण्यानं बोटं आखडू लागली, तेव्हापासून माझं लक्ष पात्यापेक्षा टेबलावर जास्त असतं. मी स्क्रोल सॉवर देव्हाऱ्यांची लाकडी जाळी कापतो. या करवतीचं पातं जागच्या जागी वरखाली होतं. फिरते ती फळी, आणि तिला फिरवतात बोटं. पूर्वी टेबलावर थोडं अडलं तरी मनगटाच्या जोरावर फळी वळायची. आता जरा अडलं की नक्षीतल्या वेलीच्या वळणात कोन पडतो.

कोकणातल्या पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर रातोरात तांबूस गंज चढतो. तो रॉकेल आणि बारीक पॉलिशपेपरनं काढायचा, कोरडं पुसायचं, मग मेण चोळून फडक्यानं चकचकीत करायचं. तेल नको, ते सागवानात उतरतं. सिलिकॉनचा फवारा तर मुळीच नको. पुढे त्या लाकडावर पॉलिश धरत नाही.

हे सगळं जमतं. छळतं ते पात्याभोवतीचं भोक. पातं खाली जाताना कापतं, म्हणून आधार नेमका तिथेच हवा, आणि नेमकं तिथेच टेबल नाही. खालून कुसळं निघतात, जाळीचा नाजूक धागा मोडतो. मी सनमायकाचा तुकडा दुहेरी चिकटपट्टीनं बसवला, पात्यापुरतं भोक पाडून. पण तुकड्याच्या कडेला फळी अडू लागली. मग अख्ख्या टेबलावरच सनमायका घातला आणि कडा उतरत्या घासल्या. तरी पातं थोडं पुढेमागेही हलतं. भोक हळूहळू लांबतं, कुसळं परत दिसतात, सनमायका परत बदलावा लागतो. नवा बसवला की काटकोन पुन्हा तपासायचा. गुण्यापेक्षा माझा भरवसा जाड ठोकळ्यावर आहे: त्याला पुढून छोटी खाच घ्यायची, ठोकळा फिरवून पात्याच्या मागे न्यायचा. पातं खाचेत सरळ शिरलं तरच टेबल काटकोनात.

देव्हाऱ्याची जाळी आता लेझरवर कापून मिळते. पातळ एमडीएफमध्ये ते काम सुबक होतं, हे मान्य. जाड सागवानात मात्र कड जळून काळी पडते, आणि ती घासताना नक्षीची धार जाते. माझ्या जाळीची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असते, याचा मला गर्व आहे. गिऱ्हाईक न विचारताच मी ती उलटी करून दाखवतो.

जाळी घ्याल तेव्हा मागची बाजू पाहा, आणि आतल्या कडांवरून बोट फिरवा.