मोरया कोणाचं नाव?

मुलांनो, एक प्रश्न विचारतो. चटकन उत्तर द्यायचं हं! असं कुठलं नाव आहे, जे भाद्रपद महिन्यात लाखो लोक एकदम मोठ्यानं घेतात, पण शाळेत बाई हजेरी घेताना क्वचितच पुकारतात?

ओळखलंत ना? मोरया!

हा प्रश्न मला सुचलेला नाही. तो माझ्या पुतणीला पडला. ती सहावीत आहे. आमचं घर भोसरीत. दादा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. मागच्या हिवाळ्यात तिला भाऊ झाला आणि घरात नावावरून खडाजंगी सुरू झाली. आजी म्हणाली, "मोरया ठेवा. मी बोलले होते तसं देवापाशी." वहिनीला दोन अक्षरी, नव्या वळणाचं नाव हवं होतं. दादा सेकंड शिफ्ट करून रात्री बारा वाजता घरी यायचा. "तुम्ही ठरवा, मला जेवायला वाढा," एवढंच त्याचं मत.

मी मात्र ठाम विरोधात होतो. का, सांगू? माझं स्वतःचं नाव मोरेश्वर आहे. शाळेत पहिल्याच आठवड्यात त्याचा 'मोरू' झाला. आणि मराठीत मोरू म्हणजे कोण, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गोष्टीतला भोळसट पोरगा, सगळे ज्याला फसवतात तो! आचार्य अत्र्यांचं 'मोरूची मावशी' हे नाटक आमच्या गल्लीत झालं, तेव्हा तर महिनाभर माझ्या मावशीची चौकशी चालू होती. तेव्हापासून मी सही करताना नुसतं 'एम.' लिहितो. बाळाच्या वाट्याला हे कशाला?

पुतणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, नाव वाईट आहे की तुझ्या वर्गातली मुलं वाईट होती? आधी अर्थ तर बघू या." बारसं रविवारी होतं. आम्ही शनिवारी सकाळीच निघालो.

नाशिक फाट्यावरून मेट्रो पकडली. ही मेट्रो 6 मार्च 2022 ला सुरू झाली. वरून जाताना आमची पिंपरी-चिंचवड नगरी खेळण्यासारखी दिसते. पुतणी खिडकीला नाक लावून खालची नावं वाचत होती. "काका, वहीत लिही! मोरया रसवंती. मोरया गॅरेज. तो बघ ट्रक, मागे मोरया. त्या इमारतीवर मोरया." पीसीएमसी स्टेशन येईपर्यंत सात 'मोरया' झाले. मग ती विचारात पडली. "दुकानाला चालतं, ट्रकला चालतं. मग माणसालाच का चालत नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी तिला गावांच्या नावांकडे वळवलं. चिंचवड म्हणजे चिंच आणि वड. पिंपरी हेही झाडाचंच नाव, वड-पिंपळाच्या कुळातलं. कारखान्यांच्या भोंग्यांआधी इथं झाडं होती, हे गावांच्या नावातच राहून गेलंय. आणि गंमत म्हणजे, पिंपरीचं नाव पार सूक्ष्मजंतूंच्या जगात जाऊन पोचलंय! पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. तिथल्या शास्त्रज्ञांना मातीतला एक सूक्ष्मजीव सापडला, बुरशीच्या रोगांवर औषध तयार करणारा. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. पुतणी खूश! "म्हणजे पिंपरीनं पण बारसं केलंय!"

रिक्षानं चिंचवड गावात आलो. हमरस्त्यावरचा गोंगाट मागे पडतो आणि एकदम अरुंद गल्ली लागते. आधी मंगलमूर्ती वाडा. तिथून जवळच पवना नदीच्या काठावर मोरया गोसावींचं समाधी मंदिर. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, काळा दगड, आणि आत कमालीचा गारवा. पावसाळ्यात पवनेला पूर आला की पाणी थेट मंदिरात शिरतं. हिवाळ्यात मात्र नदी गप्प असते.

तर या मोरयांची गोष्ट अशी सांगतात. वामनभट आणि पार्वतीबाई हे जोडपं कर्नाटकातून मोरगावला आलं. मोरगाव म्हणजे बारामती तालुक्यात, कऱ्हा नदीच्या काठी, अष्टविनायकांतलं पहिलं ठाणं. तिथल्या गणपतीचं नाव मयूरेश्वर. संस्कृतात मयूर म्हणजे आपला मोर. गणेशपुराणात कथा आहे की गणपतीनं मोरावर बसून सिंधू नावाच्या दैत्याला मारलं. म्हणून मयूरेश्वर, त्याचा झाला मोरेश्वर, आणि भक्तांनी लाडानं हाक मारली मोरया! त्या जोडप्याला देवाच्या कृपेनं मुलगा झाला, म्हणून त्यांनी देवाचंच नाव त्याला ठेवलं.

मोठेपणी ते चिंचवडला राहायला आले, तरी मोरगावची वारी त्यांनी सोडली नाही. एकदा कऱ्हेत स्नान करताना त्यांच्या ओंजळीत गणपतीची मूर्ती आली, अशी आख्यायिका आहे. तीच चिंचवडची मंगलमूर्ती. आजही भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते. अंतर सुमारे 80 किलोमीटर! शेवटी मोरया गोसावींनी इथंच, पवनेकाठी, संजीवन समाधी घेतली.

ते नेमके कधी होऊन गेले, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण मंदिराचा काळ पक्का आहे, कारण तो शिलालेखात कोरलाय. शके 1580, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशीला काम सुरू झालं आणि पुढच्या विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला पुरं झालं. म्हणजे इसवी सन 1658 ते 1659.

"1659?" पुतणी ओरडलीच. "अरे, अफझलखान!" बरोबर. मंदिर पुरं झालं त्या आषाढात, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांनी अफझलखानाला मारलं. पुढच्याच वर्षी, 1660 मध्ये, आमच्या चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळा शायिस्तेखानाच्या फौजेशी झुंजला. दादाचा कारखाना आहे ना, त्याच चाकणमध्ये!

"आणि प्रतापगड बांधून घेतला कोणी, माहीत आहे?" मी विचारलं. "मोरोपंत पिंगळे! महाराजांचे पेशवे."

पुतणी माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "मोरोपंत म्हणजे... मोरो? म्हणजे तुझंच नाव?"

मी जरा चपापलो. खरंच की! मोरो, मोरोबा, मोरोपंत, मोरेश्वर, सगळी एकाच मोराची पिसं. आणखी एक मोरोपंत आठवले. 'केकावली' लिहिणारे कवी मोरोपंत, जन्म 1729, मृत्यू 1794. त्यांचं वास्तव्य बारामतीला, म्हणजे मोरगावच्या शेजारीच. एके काळी हे नाव पेशव्याचं होतं, पंडिताचं होतं. पुढं विनोदी गोष्टींत कुणी तरी मोरूला बावळट केलं आणि आम्ही सगळे मोरू त्याच्याबरोबर बावळट ठरलो. नावाचा काहीच दोष नव्हता. आणि तीस वर्षं मी नावावरच रागावून बसलो होतो.

पायऱ्यांवर बसून आम्ही शेंगदाणे खाल्ले. मी तिला दूरच्या हवाई बेटांची हकिगत सांगितली. प्रशांत महासागरातल्या या बेटांवर नावाला फार मोल. तिथल्या भाषेत 'लानी' म्हणजे आकाश आणि 'काई' म्हणजे समुद्र. कधी कधी घरातल्या कुणाला स्वप्नात बाळाचं नाव ऐकू येई. असं नाव आलं की ते ठेवायलाच हवं, अशी समजूत. पण 1860 मध्ये तिथल्या राजानं कायदा केला की प्रत्येक बाळाला ख्रिस्ती नाव असलंच पाहिजे. मग आजी-आजोबांनी दिलेली नावं मागं ढकलली गेली, दुसऱ्या जागेवर. हा कायदा 1967 मध्ये रद्द झाला. त्यानंतर लोक आपली जुनी नावं पुन्हा पहिल्या जागेवर लिहू लागले.

"आपल्याकडे तर असा कायदा नव्हता," पुतणी म्हणाली. "तरी तू तुझं नाव लपवलंस!"

काय बोलणार? मी शेंगदाण्याची टरफलं गोळा करू लागलो.

आता मोठा प्रश्न राहिला. गणपती बाप्पा मोरया म्हणताना आपण कोणाला हाक मारतो? देवाला की भक्ताला? काही जण सांगतात, मोरया गोसावींची भक्ती एवढी मोठी की त्यांचं नाव देवाच्या नावाला कायमचं चिकटलं. काही म्हणतात, मोरया ही मूळची मोरगावच्या देवाचीच हाक. पुतणीनं आपला निकाल दिला, "देवाचं नाव भक्ताला दिलं. मग भक्ताचं नाव देवाला मिळालं. म्हणजे दोघांचं एकच. भांडायचं कशाला?"

संध्याकाळी घरी तिनं वही उघडून सगळ्यांना वाचून दाखवली. मोर, मोरगाव, मोरोपंत, सात पाट्या, सगळं. वहिनी पाळणा हलवत ऐकत होती. ती म्हणाली, "अर्थ छान आहे गं. पण उद्या शाळेत ह्याला कुणी चिडवलं तर?" सगळे माझ्याकडे बघू लागले. चिडवण्यातला घरचा तज्ज्ञ मीच ना!

मी म्हटलं, "चिडवतील. मलाही चिडवलं. पण मला कुणी अर्थ सांगितला नव्हता. ह्याला आपण सांगू."

रविवारी बारसं झालं. माझी बहीण, म्हणजे बाळाची आत्या, पाळण्याजवळ वाकली. पाठीवर धपाधप बुक्के बसले, आणि तिनं कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं. मोरया! बाळ ढिम्म झोपलेलं. आजीनं मात्र पदरानं डोळे पुसले.

पाहुण्यांनी दिलेल्या भेटवस्तूंची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. यादीच्या शेवटी मी सवयीनं 'एम.' लिहिलं. पुतणी खांद्यावरून डोकावत होतीच. ती काही बोलली नाही, फक्त खोकली. मी ते खोडलं आणि पूर्ण लिहिलं. मोरेश्वर.

तर दोस्तांनो, आज रात्री जेवताना एक करा. तुमचं नाव कोणी ठेवलं, का ठेवलं आणि त्याचा अर्थ काय, हे घरात विचारा. कदाचित एखादी नदी, एखादं गाव, एखादा मोर सापडेल. आणि हो, वर्गात कुणाचं नाव ऐकून हसू आलं, तर आधी त्याला अर्थ विचारा.