दगडातून उजेड कसा सांडतो?

दोस्तांनो, दिवाळीचा आकाशकंदील नीट पाहिलाय का कधी? आत दिवा तोच, पण कागदाची नक्षी बदलली की भिंतीवरचा उजेड बदलतो. हीच गंमत दगडात केलेली पाहायची असेल, तर सुट्टीत आईबाबांना घेऊन कन्नडला चला.

कन्नडजवळ गौताळा अभयारण्यात पितळखोरा लेणी आहेत. पायऱ्या उतरून दरीत जायचं. पावसाळ्यात वाटेतच धबधबा लागतो. ही लेणी खोदायला सुरुवात झाली ती दोन हजार वर्षांपूर्वी, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या आसपास. चार नंबरच्या लेण्यापुढे थांबा. जोत्यावर ओळीने हत्ती उभे आहेत, जणू सारी इमारत त्यांनी पाठीवर तोलून धरलीय! दाराशी दोन द्वारपाल. शेजारी पाच फण्यांचा नाग, आणि त्याच्या फण्यांतून पाणी बाहेर यावं म्हणून मागच्या खडकात वाट कोरलेली. सजावटीची सजावट आणि पन्हाळीची पन्हाळी!

इथल्या ढिगाऱ्यात एक ढेरपोट्या, हसरा यक्ष सापडला. त्याच्या हातावर कारागिराचं नाव आहे : कण्हदास. आणि हा कण्हदास कोण? तर सोनार! दागिने घडवणाऱ्या हातांनी दगड घडवला. म्हणूनच त्या यक्षाच्या अंगावरचे दागिने इतके बारीक उतरले असावेत, असं मला वाटतं. मात्र त्याला भेटायला दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावं लागेल.

शेजारचं तीन नंबरचं लेणं म्हणजे प्रार्थनेचं चैत्यगृह. इथला खडक ठिसूळ आणि पाणी झिरपणारा. समोरचा दर्शनी भाग कधीच ढासळला. आता आत उजेड भरपूर येतो, पण कमानीतून मोजून आत सोडलेला उजेड मात्र गेला तो गेलाच. खांबांवरची चित्रंही पुसट झाली आहेत. त्यांना बोट लावू नका हं, घामानेही रंग जातो.

तो मोजलेला उजेड कसा असेल? त्यासाठी कन्नडहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागा. वाटेत वेरूळ. तिथलं दहा नंबरचं लेणं पितळखोऱ्याहून कितीतरी नंतरचं, सातव्या शतकाच्या सुमाराचं. लोक त्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात, कारण छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या कोरल्या आहेत. वरच्या सज्जात खिडकी आहे. तिच्यातून उजेड आत उतरतो, थेट स्तूपापुढे बसलेल्या भव्य बुद्धमूर्तीच्या दिशेने. आत शिरल्यावर लगेच टॉर्च लावू नका. दोन मिनिटं गप्प उभे राहा. डोळे सरावले की एकेक फासळी दिसू लागते.

पुढे शहरात बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ साली वारली, तिची ही कबर. घाईघाईत 'ताजमहालाची नक्कल' म्हणून लोक पुढे निघतात, आणि इथली खरी मौज हुकते. ती आहे जाळ्यांमध्ये! संगमरवराची अख्खी फळी घ्यायची आणि नक्षी सोडून बाकीचा दगड कोरून काढायचा. एक घाव चुकला की फळी वाया. कबरीभोवतीचा आठ कोनांचा कठडाही असाच जाळीदार आहे. आपण वरून, सज्जातून तो पाहतो.

पण एवढी मेहनत नुसत्या शोभेसाठी नव्हे. दगडाला जाडी असते, त्यामुळे डोक्यावरचं तिरपं ऊन भोकाच्या कडेलाच अडतं. आत येतो तो मऊ उजेड, आणि वारा मात्र सरळ येतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात याची किंमत कळते! दरवाजावर पितळी पत्र्यांत पानंफुलं उठवली आहेत, आणि अताउल्ला व हंसपतराय ही दोन नावंही कोरलेली आहेत. कण्हदासानंतर कितीतरी शतकांनी पुन्हा कामावर नाव!

आता घरी करून पाहा. जाड पुठ्ठ्यावर षटकोनांची नक्षी काढा आणि मोठ्या माणसाच्या मदतीने कापा. खोलीत अंधार करून पुठ्ठ्यामागे छोटा टॉर्च धरा. टॉर्च जवळ आणला की भिंतीवरची जाळी मोठी होते, लांब नेला की आक्रसते. मग टॉर्चवर पातळ कागद लावा आणि कडा कशा मऊ होतात ते बघा. शेवटी तीनचार पुठ्ठे एकमेकांवर चिकटवून टॉर्च तिरपा धरा. किती उजेड पलीकडे पोचला?