सुकाणूचा दांडा हलका होईपर्यंत

जयगडची खाडी आम्ही मतलई वाऱ्यावर सोडली. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात रात्री उतरतो आणि ऊन वर आलं की मरतो. दाभोळ सरळ उत्तरेला, 17 सागरी मैल. हेदवीसमोर शिडं लोंबकळली; तिथेच डबे उघडले.

बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा आला. आमची बोट 34 फुटी, एका डोलकाठीची. डावीकडून वारा घेत ती उत्तरेला निघाली आणि उजव्या कुशीवर कलली. पहिला तासभर नुसता आनंद होता. मग सुकाणूचा दांडा जड होऊ लागला. बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवत होती आणि मी दोन्ही हातांनी दांडा छातीशी ओढून धरला होता.

वारा 12 वरून 18 नॉटवर गेला होता. ऐकायला ही वाढ दीडपट. पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शिडावरचा भार सव्वादोन पट झालेला.

"काका, पुढचं जिब गुंडाळू का?" मी विचारलं. ते सोपं होतं, बसल्या जागी दोरी ओढायची.

"आधी मोठं शीड," ते म्हणाले. नौदलात आयुष्य गेलेला माणूस. आवाज चढवत नाहीत. "नाळेवरचं काढलंस तर मागचं शीड तिला आणखी वाऱ्यात ढकलेल. तू सुकाणू आडवं धरून ब्रेक लावते आहेस, गं."

माझ्या हातातलं ओझं मला तेव्हा कळलं. बोट जितकी कलते, तितका शिडांचा जोर बाजूला सरकतो आणि नाळ वाऱ्याकडे वळते.

मी शीट, म्हणजे मोठं शीड ओढून धरणारी दोरी, सैल सोडली, मोठं शीड फडफडू लागलं. काका कमरेचा पट्टा अडकवून डोलकाठीपाशी गेले. शीड वर चढवणारी दोरी, हॅलियार्ड, खुणेपर्यंत उतरवली, शिडाच्या पुढच्या कडेची पितळी कडी हुकात बसवली, हॅलियार्ड पुन्हा ताठ केली. मागच्या कडेची दोरी मी विंचवर घेतली. कुरकुरत एकेक वेढा चढला आणि शिडाची ती कड खालच्या आडव्या काठीवर, बूमवर, घट्ट येऊन टेकली. शिडाच्या पोटाला सुरकुती राहिली नाही, तेव्हा काकांनी मान हलवली. शीट पुन्हा ओढली. सगळं मिळून पाच मिनिटं.

बोट सरळ झाली. दांडा दोन बोटांत राहिला. वेग पाहिला, तर शीड लहान करूनही तो अर्ध्या नॉटने वाढलेला! गुहागरची पुळण उजवीकडे भराभर मागे पडत होती.

पुढच्या झोतात जिबाचेही तीन वेढे गुंडाळले. अंजनवेलचा दीपस्तंभ जवळ आला, वारा जरा बसला. मी रीफ सोडायला, शीड पुन्हा मोठं करायला उठले, तर काकांनी समोर बोट दाखवलं. खाडीच्या तोंडाशी वाशिष्ठीची ओहोटी वाऱ्याला भिडत होती आणि आखूड, उभ्या लाटा फुटत होत्या. मी परत बसले.