गाडी विकली, पण पत्र आलं

मंडळी, परवा कपाट आवरायला काढलं. आमच्याकडे कपाट आवरणं म्हणजे कागद बाहेर काढायचे, एकेक वाचत बसायचं आणि संध्याकाळी होते तसे परत आत ठेवायचे! सौ. आता त्याबद्दल काही बोलतही नाही. तर त्या ढिगात "वाहन" अशी चिठ्ठी लावलेली फाइल सापडली आणि तिच्यात ते 2019 सालचं पत्र. ब्लॉगवर ही गोष्ट कधी लिहिली नव्हती. थोडी लाजच वाटत होती म्हणा ना.

निवृत्तीनंतर 2010 मध्ये मी गाडी घेतली. आयुष्यभर सायकल, मग लूना, मग स्कूटर आणि साठीला टेकल्यावर चारचाकी. एअरबॅग असलेलं मॉडेलच घ्या, हा मुलाचा आग्रह. तो ह्यूस्टनला असतो. तिथून पैसे पाठवता येतात, आग्रह करता येतो, शेजारी बसून गाडी शिकवता मात्र येत नाही. असो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर रात्रीची गाडी नको वाटू लागली आणि 2018 मध्ये इथं साताऱ्यातच जुन्या गाड्यांच्या एका एजंटाला ती देऊन टाकली. फॉर्म 29, फॉर्म 30, सगळ्या सह्या केल्या. नावावर चढल्याची झेरॉक्सही त्यानं आणून दिली. घेणारा गुहागरकडचा होता. एमएच 11 कोकणात गेली एवढंच तेव्हा डोक्यात राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत, जाड कागदावर. आपल्या वाहनाच्या पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या एअरबॅगमधला इन्फ्लेटर बदलण्याची गरज आहे, काम मोफत होईल, जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधावा. खाली सतरा अक्षरी चासी नंबर. मी वाचलं, गाडी आता आपली नाही असं म्हटलं आणि कागद फाइलला लावला. शिक्षकाची सवय, कागद फेकायचा नाही. कागद फेकला नाही म्हणजे कर्तव्य झालं, असंही आम्हा लोकांना वाटत असावं!

दिवाळीत मुलाचा व्हिडिओ कॉल आला. सूनबाई मागच्या सीटवर बसून बोलत होती. म्हटलं, भांडण झालं की काय? तर तो म्हणाला, "नाही हो बाबा, पुढच्या एअरबॅगचा रिकॉल आहे. सोमवारी बदलून मिळेल, तोपर्यंत तिथं कोणी बसायचं नाही."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. मी बी. ए. मराठीचा माणूस, तरी नीट कळलं, म्हणजे त्यानं चांगलंच सांगितलं असणार. एअरबॅगच्या मागे धातूची एक डबी असते. तिच्यात रसायनाच्या वड्या. धडक बसली की वडी पेटते, वायू होतो आणि पिशवी साधारण 30 मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. एका जपानी कंपनीनं (नाव घेऊन काय करायचं, 2017 मध्ये तिचं दिवाळं निघालं) या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. हे रसायन ओल धरतं. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उन्हाची तलखी सोसून वडी आतून भुसभुशीत होते. मग पेटली की नको तितक्या वेगानं जळते आणि डबीच फुटते. जी पिशवी वाचवायची, तिच्यातूनच लोखंडाचे तुकडे अंगावर येतात. साध्या, किरकोळ धडकेतसुद्धा. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे 6 कोटी 70 लाख एअरबॅगा परत बोलवाव्या लागल्या आणि तिथं 25 हून अधिक माणसं यात गेली. बदलायचा क्रम लावताना सरकारनं फ्लोरिडा, लुइझियाना, टेक्सास अशा उष्ण, दमट राज्यांना आधी घेतलं. गाडी जितकी जुनी आणि हवा जितकी दमट, तितका धोका जास्त.

दमट हवा! गुहागरला पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. माझी नऊ वर्षांची गाडी तिथं उभी होती आणि तिचं पत्र माझ्या फाइलीत, साताऱ्यात, कोरडं ठणठणीत.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. चासी नंबर यादीत आहे आणि काम झालेलं नाही एवढं त्या मुलीनं सांगितलं. नवीन मालकाला कळवलंय का, तर म्हणे आमच्याकडे मालक म्हणून तुमचंच नाव आहे, सर. गाडी दुसऱ्या हातात गेली तरी विकणाऱ्याच्या वहीत पहिलंच गिऱ्हाईक राहतं, हे मला तेव्हा कळलं. मग एजंटाकडून गुहागरच्या गृहस्थांचा नंबर मिळवला.

पहिला फोन असा झाला:

"नमस्कार. मी साताऱ्याहून बोलतोय. तुमच्या गाडीच्या एअरबॅगमध्ये दोष आहे..."

"काका, आम्हाला काही घ्यायचं नाही."

"घ्यायचं नाही हो, फुकट बदलून देतात. फक्त चासी नंबर—"

"आणि मग ओटीपी पण सांगायचा ना?" फोन बंद.

दुसऱ्या वेळी त्यांनी उचललाच नाही. राग आला, पण त्यांचं तरी काय चुकलं? फुकट मिळेल, लवकर करा, नंबर सांगा, ही सगळी वाक्यं चोरांनी आधीच वापरून झालेली. खऱ्यासाठी शिल्लक काय ठेवलंय?

शेवटी जुना मार्ग धरला. फुलस्केपवर स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. मी कोण, गाडी कधी घेतली, मागच्या डाव्या दारावरचा ओरखडा कुठल्या फाटकाला लागून पडला, सगळं. वडीचं आणि मिठाचंही लिहिलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पत्रातला नंबर तुमच्या आर.सी. बुकाशी ताडून पाहा आणि तुम्हीच सर्व्हिस सेंटरला विचारा, असंही. हे पत्र माझ्याकडे चार महिने पडून होतं, ही चूक माझी, हेही लिहिलं. ते वाक्य दोनदा खोडलं होतं. वर्गात पोरांना "चूक झाली तर सांगावी" हे किती सहज सांगत होतो! कंपनीचं मूळ पत्र जोडून रजिस्टर एडीनं पाठवलं आणि झेरॉक्स फाइलला लावली. परवा सापडली ती तीच.

आठ दिवसांनी फोन. "सर, पत्र मिळालं. अक्षर बघून बायको म्हणाली, हे मास्तरांचंच असणार, हा फ्रॉड नाही." मग जरा थांबून, "पुढच्या सीटवर रोज मुलगी बसते हो. चौथीत आहे. शाळेत सोडतो तिला."

मला काही सुचेना. तिला आजपासून मागं बसवा एवढंच म्हटलं. आणि गावातल्या मेकॅनिककडून एअरबॅग काढून वगैरे घेऊ नका, हेही. पार्ट यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी रोज फोनकडे बघत होतो.

कायद्याचं थोडं सांगतो. आपल्याकडे 2012 पासून कंपन्यांच्या संघटनेनं, म्हणजे सियामनं, स्वेच्छेचा नियम केला होता. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 110अ हे कलम आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून सरकार सक्तीनं गाड्या परत बोलावू शकतं. पण ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. हा दोष तर गाडी म्हातारी होईल तसा वाढणारा! तेव्हा जुनी गाडी घेतली असेल तर चासी नंबर कंपनीच्या साइटवर घालून बघा. आणि विकली असेल, तर आलेलं पत्र कृपा करून फाइलला लावू नका.

डिसेंबरात व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो आला. रक्कम शून्य. मागोमाग दुसरा फोटो, मागच्या सीटवर गाल फुगवून बसलेली एक मुलगी. खाली लिहिलं होतं, "सर, आता पुढं बसू दे का, विचारतेय."

एअरबॅग कितीही चांगली असली तरी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी मागंच बसावं, असं मुलानं सांगितलं होतं. तेच मी कळवलं. ती माझ्याशी बोलायला तयार नाही, असं उत्तर आलं.