आरे-वारेच्या पुळणीवरच्या खुणा

रत्नागिरीला जाणं झालं, तर गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने जा. शिरगाव मागे पडलं की थोड्या वेळात आरे-वारे येतं. आरे आणि वारे ही दोन गावं, त्यांच्या दोन पुळणी आणि मधे डोंगराची एक सोंड. रस्ता त्या सोंडेवर चढला की दोन्हीकडचा समुद्र एकदम दिसतो. गाडी तिथे थांबवाच.

आता नेसायचं काय? गावाच्या नावातच वारे आहेत, तेव्हा जॉर्जेटच्या नादी लागू नका. अंगाबरोबर राहणारी सुती पाचवारी, खांद्याला पिन आणि साडीला फॉल, एवढं पुरे. ओढणी असेल तर सरळ कमरेला बांधा. पाण्यात मात्र घोट्यापर्यंतच जायचं. इथे माणसं बुडाली आहेत.

या पुळणीवर एक गंमत होते. लांबवर चालणाऱ्या बाईचा तोंडवळा दिसत नाही, तरी ती कोण हे कळतं! पदर खोचायची तऱ्हा प्रत्येकीची वेगळी. आमच्या शाळेतल्या एक बाई पदराच्या टोकाला कपाटाची किल्ली बांधतात. वाऱ्यात तो पदर फडफडत नाही, नुसता झोके घेतो. माझी बहीण घड्याळ उजव्या हातात घालते, का ते तिलाही ठाऊक नाही. जुन्या मासेविक्या बायकांचा चापून-चोपून नेसलेला कास्टा पाहा, वाऱ्याची काय बिशाद आहे त्याला हलवायची! सवयीने अंगाला चिकटलेल्या या लकबी उसन्या आणता येत नाहीत.

आणि कुणी त्या काढून घेतल्या, तर? याच जिल्ह्यातल्या देवरुखच्या पार्वतीबाई आठवले. जन्म १८७० चा. वैधव्य आल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचं केशवपन झालं. मेहुणे अण्णासाहेब कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या गावोगाव फिरल्या, आणि पुढे त्यांनी केस पुन्हा वाढवले. १९१८ साली त्या अमेरिकेलाही गेल्या. मला विचाराल, तर बोटीत चढण्यापेक्षा केस वाढवायलाच जास्त धीर लागला असेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, तो तर अगदी अलीकडे, मे २०२२ मध्ये.

आमच्या थोरल्या जाऊबाईंची खूण म्हणजे सुरंगी. मोसमात रोज गजरा, तोही मधोमध नव्हे, डाव्या कानामागे. भावजी गेले आणि सुरंगी थांबली. घरात कुणी एका शब्दाने नको म्हटलं नव्हतं. पण शेजारपाजारच्या नजरा असतात ना!

यंदा मार्चमध्ये आम्ही सगळ्या निघालो, तर सासूबाईंनी रत्नागिरीत दोन गजरे घेतले. एक माझ्या हातावर ठेवला. दुसरा पुढे करून म्हणाल्या, ‘हा मोठीचा.’ जाऊबाईंनी तो घेतला, पण माळला नाही. वारे येईपर्यंत पानाच्या पुडीत मांडीवरच होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. अशा वेळी आग्रह करू नये, असं माझं मत आहे.

पुळणीवर त्या एकट्याच पुढे गेल्या, सुरूच्या झाडांपर्यंत. परत येताना लांबूनच मी त्यांना ओळखलं. डाव्या कानामागे पिवळं काहीतरी होतं.

वाटलं, घर जवळ आलं की काढतील. फाटकाशी शेजारच्या काकू उभ्या होत्याच. त्यांनी जाऊबाईंकडे नीट निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, ‘सुरंगी आली वाटतं बाजारात? कितीला दिलीन?’

जाऊबाईंनी भाव सांगितला. फार झाला, असं दोघींचंही मत पडलं.